आयेशा ॲट लास्ट

कॅनेडियन लेखिका उझमा जलालुद्दीन यांची पहिली इंग्रजी कादंबरी (२०१८). टोरोंटोच्या पूर्वेकडील स्कारबरो या उपनगरात स्थायिक झालेल्या दक्षिण आशियाई मुसलमानांमध्ये घडणारी ही खुसखुशीत प्रेमकथा आहे. जेन ऑस्टिनच्या ‘प्राइड अँड प्रेज्युडिस’चा (१८१३) सांगाडा जलालुद्दीन यांनी उघडपणे वापरला आहे. लेखिका शाळेत शिकवतात आणि ‘टोरोंटो स्टार’मध्ये त्यांनी सदरही लिहिले आहे.

नायिका आयेशा शम्सी हैदराबादी घराण्यातली. पेशाने ती बदली शिक्षिका, पण ओढा कवितेकडे. तिच्या नात्यातल्या धाकट्या बहिणीला, हाफ्साला, मात्र एकामागून एक स्थळे येतात आणि तिला त्यांचा आकडा शंभरावर न्यायचा आहे! मशिदीतल्या परिषदेच्या तयारीला आयेशा हाफ्साच्या नावाने हजर राहते. तिथे भेटलेला खालिद मिर्झा तिच्यावर भाळतो, आणि आईने हाफ्साशी ठरवलेल्या सोयरिकीला, ती आयेशाच आहे असे समजून, होकार देऊन बसतो. हा घोळ ऑस्टिनपेक्षा शेक्सपिअरच्या सुखात्मिकांच्या जवळचा. आयेशाचे नाना (आजोबा) ऊठसूट शेक्सपिअर ऐकवतात तेही उगाच नाही.

कादंबरीचे खरे धाडस नायकाच्या निवडीत आहे. खालिद दाढी राखतो, टोपी आणि पांढरा लांब झगा घालून कचेरीत जातो आणि लग्न आईच्या पसंतीनेच करावे असे मानतो. अशा माणसाला इंग्रजी कथांत सहसा संशयित तरी करतात किंवा ‘सुधारून’ तरी घेतात. इथे तो बदलतो तो स्वभावाने. दाढी तशीच राहते. त्याला छळणारी वरिष्ठ अधिकारी शीला मात्र एकाच रंगात रंगवली आहे. तिथे विनोदाची धार बोथट होते.

पोरीच्या लग्नाची घाई, घरच्या इभ्रतीची धास्ती, मोहल्ल्यातल्या बायांची कुजबुज हे सारे ऑस्टिनच्या काळातून उचलून आणावे लागत नाही. रिश्ते जुळवणाऱ्या घरांत ते आजही नांदते, आणि कांदेपोह्यांच्या कार्यक्रमातून गेलेल्या मराठी वाचकालाही ते परके वाटणार नाही. मराठीत मुस्लिम जीवनावरची कादंबरी म्हटली की आधी हमीद दलवाईंची ‘इंधन’ (१९६५) आठवते. कोकणातल्या गावावरची ती कादंबरी जातीय तणावाची आहे. या समाजाचे प्रेम आणि थट्टा एकत्र आणणारे लेखन त्या मानाने विरळच.

लेखिकेच्या पुढील कादंबऱ्यांत ‘हाना खान कॅरीज ऑन’ (२०२१) आणि ऑस्टिनच्याच ‘पर्स्वेजन’वर बेतलेली ‘मच अडू अबाउट नाडा’ (२०२३) या आहेत.