गजावरची खूण

आमच्या कोकणातल्या घरी माजघराच्या दारावर, दोन खुंट्यांच्या आधाराने, ठासणीची एक बंदूक आडवी ठेवलेली असे. रानडुकरे शेतात उतरू लागली की काका ती खाली काढीत. तिच्याबरोबर तिचा सरंजामही निघे : दारूचे शिंग, छर्‍यांची चामडी पिशवी, टोप्यांची पत्र्याची डबी, बार दाबायला नारळाचा काथ्या आणि नळीखाली बसवलेला लोखंडी गज. त्या गजावर कानशीने घासलेली एक बारीक रेघ होती. मला लहानपणी तो नुसता ओरखडा वाटे.

एका दिवाळीत काकांनी रात्री बंदूक भरली. पण डुक्कर आले नाही आणि बार नळीत तसाच राहिला. दुसर्‍या दिवशी माझ्या चुलतभावाने कोणाला न विचारता त्यावर आणखी एक बार ठासला. चाप ओढताच नळी फुटली आणि त्याच्या डाव्या हाताची दोन बोटे गेली. पुढे कितीतरी दिवसांनी काकांनी मला गजावरच्या रेघेचा अर्थ सांगितला. नळी रिकामी असली म्हणजे गज तळाला टेकतो आणि रेघ नळीच्या तोंडाशी येते. आत बार असला तर गज वर राहतो आणि रेघही वर दिसते. बंदूक भरलेली आहे की नाही, हे सांगायला एवढी खूण पुरेशी होती. त्या दिवशी ती कोणी पाहिली नाही, एवढेच.

पुढे इतिहास वाचताना ही रेघ माझ्या डोळ्यांसमोर वारंवार येत गेली. बंदुकीचा इतिहास आपण लढायांच्या अंगाने वाचतो. पण बंदूक ज्याच्या हाती असते त्यालाच तिच्यापासून कसे वाचवावे, याचाही एक इतिहास आहे.

तोड्याच्या बंदुकीचा काळ घ्या. शिपायाच्या एका हातात जळती जामगी आणि कमरेला दारू! जेकब द गेन या डच चित्रकाराने १६०७ साली कवायतीचे एक सचित्र पुस्तक प्रसिद्ध केले. बंदूक भरण्या-झाडण्याच्या चाळीसहून अधिक पायर्‍या त्यात एकेका चित्राने दाखवल्या आहेत. बार झाला की आधी जामगी काढून घ्यायची, ती दारूपासून दूर धरायची आणि मगच नवी दारू ओतायची. ही कवायत केवळ शिस्तीच्या देखाव्यासाठी नव्हती. शेजारच्या शिपायाचा जीव त्या क्रमावर अवलंबून होता.

आपल्याकडेही हे भान होते. अबुल फजल 'ऐन-इ-अकबरी'त सांगतो, की पूर्वी नळीत चौथ्या हिश्शाहून अधिक दारू भरण्याची सोय नव्हती; अकबराच्या कारखान्यातल्या नळ्या मात्र तोंडापर्यंत भरून झाडल्या तरी फुटत नसत. रामचंद्रपंत अमात्यांच्या, १७१५च्या सुमारास लिहिलेल्या, आज्ञापत्रात तर दारूखान्याविषयी एखाद्या काळजीवाहू घरधन्याने लिहावे तसे लिहिले आहे. दारूखाना वस्तीपासून अलग असावा, आठ-पंधरा दिवसांनी हवालदाराने स्वतः येऊन दारू बाहेर काढावी, तिला ऊन द्यावे, पुन्हा मोहोर करून ठेवावी, रात्रंदिवस पहारा असावा आणि परवानगीवाचून कोणाला जवळ येऊ देऊ नये. राज्य राखायचे तर दारूही राखली पाहिजे, हे अमात्यांना ठाऊक होते.

आणि तरीही माणूस चुकतो. अमेरिकेतल्या यादवी युद्धात, १८६३ साली, गेटिसबर्गच्या रणांगणावर सुमारे २७,५०० बंदुका गोळा झाल्या. त्यांपैकी सुमारे २४,००० भरलेल्या निघाल्या आणि त्यांतल्या जवळजवळ निम्म्यांत एकावर एक असे दोन बार होते! कोलाहलात शिपाई ठासत राहिले. आधीचा बार उडाला की नाही, हे पाहण्याचे भान त्यांना उरले नाही. ते वाचले तेव्हा मला माझा चुलतभाऊ आठवला. त्याच्याभोवती तर कसला कोलाहलही नव्हता.

पुढे मागून भरायच्या बंदुका आल्या आणि काडतूस आले. ठासण्याची कटकट गेली. धोका मात्र गेला नाही. पिस्तुलाची पेटी काढली म्हणजे ते रिकामे झाले, असे नवखा समजतो. पण एक गोळी नळीच्या मुळाशी राहिलेली असू शकते. गजाची जागा आता डोळ्याने आणि बोटाने घ्यायची : पेटी काढा, खटका मागे ओढा, आत पाहा, चाचपा. बाकीचे नियम चार ओळींत मावतात. प्रत्येक बंदूक भरलेलीच समजावी. जिथे गोळी जायला नको तिकडे नळीचे तोंड करू नये. नेम धरल्याखेरीज चापाला बोट लावू नये. निशाणाच्या मागे काय आहे ते आधी पाहावे.

नव्या परवानेदाराने सरंजामही आधी जमवावा. कुलपाचे लोखंडी कपाट हवे आणि काडतुसांना निराळे कुलूप हवे. नळी साफ करायचा गज आणि तेल हवे. डोळ्यांना चष्मा हवा. बाराचा आवाज बहुधा १४० डेसिबलच्या वर जातो, म्हणून कानांना झाकणे हवीत. आपल्याकडे १९५९चा शस्त्र कायदा आहे. २०१६च्या नियमांनी परवान्यासाठी सुरक्षेचे शिक्षण आणि सुरक्षित साठवणीची हमी यांवर भर दिला. २०१९च्या दुरुस्तीने एका माणसाजवळच्या शस्त्रांची मर्यादा तीनवरून दोनवर आणली. कायदा कपाट तपासील. पण नळीत पाहायचे ते आपणच.

काका गेले आणि ती बंदूक जमा करायची ठरली. चुलतभाऊ आता म्हातारा झाला आहे. देण्यापूर्वी त्याने ती मागून घेतली, आठ बोटांनी नीट धरली आणि गज आत सोडला. रेघ नळीच्या तोंडाशी आली. "रिकामी आहे," तो म्हणाला, आणि मगच त्याने ती माझ्या हाती दिली.