एका प्रतीवर विसंबू नये : जवळा बाजारच्या शिवाराचे कागद

हिंगोली जिल्ह्यातल्या औंढा नागनाथ तालुक्यातले जवळा बाजार हे आसपासच्या खेड्यांच्या बाजारपेठेचे गाव. विसाव्या शतकात या गावचे शिवार जागेवरच राहिले, पण त्यावरचे राज्य बदलत गेले. सप्टेंबर १९४८ पर्यंत निजामाचा अंमल, मग हैदराबाद राज्य, १ नोव्हेंबर १९५६ पासून द्विभाषिक मुंबई राज्य, १ मे १९६० पासून महाराष्ट्र. १ मे १९९९ रोजी परभणी जिल्ह्याचे विभाजन होऊन हिंगोली जिल्हा झाला. या प्रवासात दप्तराची भाषा, लिपी, कालगणना आणि कचेरीचा पत्ता, सगळेच बदलले. तरीही कोणती जमीन कोणाच्या नावावर होती, हे आजही बऱ्याच अंशी मागे जाऊन तपासता येते. याचे श्रेय आपण चांगल्या कुलुपांना किंवा एखाद्या अस्सल कागदाला देतो. मला ते पटत नाही. मराठवाड्याच्या जमिनीचा पुरावा टिकला तो वेगवेगळ्या वेळी, वेगवेगळ्या हातांनी तयार झालेल्या आणि वेगवेगळ्या ठिकाणी राहिलेल्या प्रतींमुळे.

पहिल्या सालारजंगांनी १८६५ च्या सुमारास हैदराबाद संस्थानात जिल्हाबंदी केली. पुढे मराठवाड्यात मुंबई इलाख्याच्या धर्तीवर जमिनीची मोजणी आणि आकारणी झाली आणि १३१७ फसलीच्या, म्हणजे १९०७-०८ च्या, जमीन महसूल कायद्याने या कारभाराला चौकट दिली. या व्यवस्थेत दोन स्वभावांचे कागद होते. सेतवारात सर्व्हे नंबर, क्षेत्र आणि आकार असे. तो वर्षानुवर्षे तसाच राहायचा. पहाणी मात्र दरवर्षी नवी व्हायची, कारण पीक आणि ताबा बदलतो. स्थिर पाया एका कागदावर आणि बदलती स्थिती दुसऱ्यावर, ही विभागणी फार मोलाची होती. पहाणीत चूक झाली तरी सेतवार शाबूत राहायचा आणि चूक कोणत्या साली शिरली, हे मागच्या पहाण्या उलगडून सांगता यायचे. शिवाय गावचे दप्तर पटवाऱ्याकडे असले तरी महसुलाचा हिशेब तहसिलीत जायचा. लबाडी करणाऱ्याला एकाच बस्त्याशी खेळून भागत नसे.

१९४९ मध्ये जहागिरी रद्द झाल्या, १९५० मध्ये हैदराबादचा कूळकायदा आला आणि जमीन खरोखर कोणाच्या ताब्यात आहे हा प्रश्न ऐरणीवर आला. त्या काळात, १९५४-५५ साली, खासरा पत्रक तयार झाले. मराठवाड्यात जमिनीचा वाद निघाला की अजूनही खासऱ्याची नक्कल काढली जाते, कारण तो जुन्या आणि नव्या व्यवस्थेच्या सांध्यावरचा कागद आहे. त्यानंतर सातबारा आला आणि प्रत्येक बदलाची तारीखवार नोंद ठेवणारी फेरफार नोंदवही आली. १९६६ च्या महाराष्ट्र जमीन महसूल संहितेचे कलम १५७ म्हणते की अधिकार अभिलेखातली नोंद, उलट सिद्ध होईपर्यंत, खरी मानावी. या कलमात शेतकऱ्याला आधार आहे आणि धोकाही आहे. नोंद चुकली तर उलट सिद्ध करायचे कशाच्या बळावर? जुनी प्रत नसेल तर कायद्याने दिलेली संधी कागदावरच राहते.

ही शिस्त केवळ महसूल खात्याची नाही. १९६४ साली आयबीएमने सिस्टीम/३६० ही मेनफ्रेम संगणकांची मालिका जाहीर केली. त्याच वर्षी मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत सीडीसी ३६०० हा मोठा संगणक आला. अशा यंत्रांत कोणती डिस्क कुठे जोडली आहे, कोणत्या कामाला किती स्मृती द्यायची, सुरू होताना कोणते प्रोग्राम उचलायचे, हे सांगणाऱ्या संरचनेच्या फाइली असतात. आकाराने त्या लहान, पण त्यातली एक ओळ चुकली तर सगळे यंत्र सुरूच होत नाही. म्हणून ही यंत्रे सांभाळणाऱ्यांनी काही नियम अंगवळणी पाडले. फाइलीला हात लावण्याआधी प्रत घ्यायची. जुन्या प्रतीवर नवी न लिहिता क्रमांक घालून मागच्या काही पिढ्या ठेवायच्या. एक प्रत मुख्य यंत्रापासून दूर ठेवायची. मूळ यंत्रणा बंद पडली तरी तिची फाइल दुरुस्त करता यावी म्हणून वेगळ्या डिस्कवर छोटी पर्यायी यंत्रणा तयार ठेवायची. आणि ठेवलेल्या प्रतीवरून यंत्र खरोखर उभे राहते का, हे मधूनमधून करून पाहायचे. सेतवार, खासरा, सातबारा आणि फेरफार यांच्या मालिकेत यातले बरेचसे नियम आधीच होते. कोणी ते सूत्ररूपाने मांडले नव्हते, एवढेच.

हे नियम न पाळल्याची किंमत ठाऊक आहे. १२ जुलै १९७३ रोजी अमेरिकेत सेंट लुइस इथल्या अभिलेखागाराला आग लागली आणि माजी सैनिकांच्या सुमारे १ कोटी ६० लाख ते १ कोटी ८० लाख फाइली जळाल्या. त्यांच्या दुसऱ्या प्रती नव्हत्या, सूक्ष्मचित्रणही झालेले नव्हते. २१ जून २०१२ रोजी मंत्रालयाला आग लागली. त्यात माणसे गेली, फायलीही गेल्या.

यावर एक आक्षेप वजनदार आहे. प्रती वाढल्या की विसंगती वाढते. सेतवारात एक क्षेत्र, सातबाऱ्यावर दुसरे, आणि त्यातून पिढ्यान्‌पिढ्यांचे दावे. मग एकच अधिकृत नोंद ठेवून बाकीच्या बाद का करू नयेत? विसंगतीचा त्रास खरा आहे. पण विसंगती प्रतींमुळे निर्माण होत नाही, प्रतींमुळे उघड होते. एकच नोंद राहिली तर चूक नाहीशी होत नाही, फक्त ती दाखवणारा कागद नाहीसा होतो, आणि त्यात नेहमी दुबळ्याचे नुकसान होते: विधवेचे, कुळाचे, गाव सोडून गेलेल्याचे. चालू नोंद कोणती हे कायद्याने एकच ठरवावे. मागच्या नोंदी मात्र तारखेसह जपाव्यात.

दुसरा आक्षेप नव्या काळाचा आहे. आता सातबारा संगणकावर आहे, २०१८ पासून डिजिटल स्वाक्षरीचा उतारा मिळतो, विदेच्या प्रती यंत्र आपोआप घेते. मग चिंता कशाची? स्वाक्षरी नोंदीत नंतर फेरबदल झाला नाही याची खात्री देते. नोंद मुळात बरोबर होती याची देत नाही. चुकीच्या नोंदीची आपोआप घेतलेली प्रत ही चुकीचीच इमानदार प्रत असते. हस्तलिखित सातबारे संगणकात उतरवताना नावे आणि क्षेत्रे चुकली, म्हणून २०१७ मध्ये गावोगाव चावडी वाचन घ्यावे लागले आणि कलम १५५ खाली लेखनप्रमादांची दुरुस्ती करावी लागली. ती दुरुस्ती शक्य झाली, कारण ताडून पाहायला हस्तलिखित शिल्लक होते. चावडी वाचन ही प्रतीची खरी परीक्षा होती: ज्याचा हक्क त्याच्यासमोर नोंद मोठ्याने वाचायची.

शेवटचा धोका न वाचता येण्याचा. सप्टेंबर २०२३ मध्ये कुणबी नोंदी शोधण्यासाठी निवृत्त न्यायमूर्ती संदीप शिंदे यांची समिती नेमली गेली, तेव्हा निजामकालीन कागदांचा शोध हैदराबादपर्यंत पोचला आणि मोडी व उर्दू वाचणाऱ्यांची गरज भासली. कागद कपाटात असणे पुरेसे नाही. वाचणारा नसेल तर तो नसल्यातच जमा. संगणकाच्या फाइलींचेही तसेच आहे: ज्या प्रोग्रामने त्या लिहिल्या तो गेला की त्या मुक्या होतात.

म्हणून जवळा बाजारसारख्या गावासाठी मागणी साधी आणि पुरी करता येण्याजोगी आहे. सेतवार, खासरा आणि हस्तलिखित सातबारे स्कॅन झाले तरी मूळ कागद मोडीत काढू नयेत. एक संच तालुक्याबाहेर ठेवावा. मोडी आणि उर्दू वाचणारे महसूल खात्याने पगार देऊन तयार करावेत. आणि चावडी वाचन ठरावीक वर्षांनी पुन्हा व्हावे. याला खर्च येईल. पण जमिनीच्या एका दाव्यात एका कुटुंबाची जेवढी वर्षे जातात, त्यापुढे तो खर्च लहान आहे.