१७०१ चा वारसा-कायदा आणि इंग्लंडच्या राजवंशाचा उगमबिंदू

इंग्लंडच्या राजांची वंशावळ विद्यार्थ्यांच्या हाती पडते ती बहुधा एका सरळ उभ्या रेषेच्या स्वरूपात. नॉर्मंडीच्या विल्यमपासून निघालेली ही रेषा अखंडपणे खाली उतरत आली आहे, असा समज त्या तक्त्यामुळे सहज होतो. रक्ताच्या नात्यापुरते पाहिले तर हा समज चुकीचा नाही. त्यानंतरचे सर्व राजे त्याचेच वंशज आहेत. परंतु नाते असणे वेगळे आणि वारसा असणे वेगळे. या रेषेला ठिकठिकाणी गाठी आहेत, आणि त्यांतील सर्वांत मोठी गाठ १७०१ च्या वारसा-कायद्याची आहे. त्या वर्षी पार्लमेंटने ‘राजा निवडण्याचा’ अधिकार स्वतःकडे घेतला, असे पाठ्यपुस्तकांतून सर्रास म्हटले जाते. हे विधान कितपत खरे आहे, याचा विचार प्रस्तुत लेखात करावयाचा आहे.

त्यासाठी शतकभर मागे जाणे आवश्यक आहे. आठव्या हेन्रीने १५४४ च्या कायद्यान्वये आपल्या तिन्ही अपत्यांचा क्रम लावून घेतला आणि त्यांचा वंश खुंटल्यास पुढील वारस मृत्युपत्राने नेमण्याचा अधिकारही मिळविला. १५४६ च्या अखेरीस केलेल्या मृत्युपत्रात त्याने थोरली बहीण मार्गारेट हिचा स्कॉटलंडमधील वंश अनुल्लेखाने वगळला आणि धाकटी बहीण मेरी हिच्या नातवंडांकडे हक्क वळविला. एलिझाबेथच्या कारकिर्दीत, १५७१ मध्ये, वारसाक्रम ठरविण्याचा पार्लमेंटचा अधिकार नाकारणे हा राजद्रोह ठरविण्यात आला. कायद्याची बाजू याहून भक्कम काय असावी? तरीही २४ मार्च १६०३ रोजी एलिझाबेथ निवर्तली, तेव्हा त्याच दिवशी लंडनमध्ये द्वाही फिरली ती वगळलेल्या मार्गारेटच्या पणतवाची, स्कॉटलंडच्या सहाव्या जेम्सची. आई आणि बाप या दोघांच्याही बाजूंनी तो मार्गारेटचा वंशज होता. धाकट्या मेरीच्या शाखेत कॅथरीन ग्रे हिचा विवाहच अवैध ठरविला गेल्यामुळे तिच्या मुलांचा हक्क डळमळीत झाला होता, हे खरे. पण मुख्य गोष्ट अशी की, पुढच्या वर्षी पार्लमेंटने जेम्सला मान्यता देताना त्याचा हक्क जन्मसिद्ध असल्याचे सांगितले. हेन्रीचा कायदा कोणी रद्दही केला नाही. त्याच्याकडे पाहावयाचे नाही, एवढेच सर्वांनी ठरविले.

सारांश, १६०३ मध्ये कायदा आणि रक्त समोरासमोर आले तेव्हा रक्ताचा जय झाला. १७१४ मध्ये नेमके उलट घडले. मधल्या एकशे अकरा वर्षांत काय बदलले हा खरा प्रश्न आहे.

या बदलाच्या मुळाशी एक अपत्यहीन विवाह आहे, आणि त्याच्याशी आपल्या मुंबई शहराचा संबंध आहे. दुसऱ्या चार्ल्सचा पोर्तुगालच्या राजकन्येशी, ब्रागांझाच्या कॅथरीनशी, १६६२ मध्ये विवाह झाला. त्याच्या आदल्या वर्षीच्या तहानुसार मुंबई बेट आंदण म्हणून इंग्लंडच्या राजाला मिळाले. १६६८ मध्ये चार्ल्सने ते वार्षिक दहा पौंड सोन्याच्या भाड्याने ईस्ट इंडिया कंपनीकडे सोपविले. आपल्याकडे या विवाहाची आठवण राहिली ती तेवढ्यापुरती. इंग्लंडच्या दृष्टीने त्याचे महत्त्व वेगळे होते. कॅथरीनला मूल झाले नाही. चार्ल्सला इतर स्त्रियांपासून डझनभर तरी मुले होती, पण त्यांतील एकही औरस नव्हते. दत्तविधानाने गादी चालविण्याची जी वाट सातारकरांना १७४९ मध्ये मोकळी होती, ती इंग्लंडच्या कायद्यात नव्हतीच. तेथे दत्तकाला सर्वसाधारण कायदेशीर मान्यता मिळाली ती १९२६ मध्ये. तेव्हा चार्ल्सचा वारस म्हणून त्याचा भाऊ जेम्स उरला, आणि जेम्स उघडपणे कॅथलिक झालेला होता.

१६७९ ते १६८१ या काळात जेम्सला वारसाक्रमातून काढून टाकण्याचे प्रयत्न झाले. सामान्यांच्या सभेने विधेयक संमत केले. उमरावांच्या सभेने नोव्हेंबर १६८० मध्ये ते फेटाळले. काहींना त्याच्या जागी चार्ल्सचा अनौरस पुत्र मॉनमथचा ड्यूक हवा होता. त्याने १६८५ मध्ये बंड केले आणि त्याचा शिरच्छेद झाला. हा पर्याय बहुसंख्य उमरावांना का रुचला नाही, हे समजणे कठीण नाही. जन्माच्या औरसतेवर ज्यांच्या पदव्या आणि जमिनी उभ्या होत्या, त्यांनी सिंहासनाच्या बाबतीत तो नियम मोडू देणे म्हणजे स्वतःच्याच घराचा पाया उकरणे झाले असते.

जेम्सचे राज्य सहन केले गेले ते त्याच्या वयाकडे आणि त्याच्या मुलींकडे पाहून. मेरी आणि ॲन या दोघीही प्रॉटेस्टंट होत्या. बापाच्या पश्चात सर्व काही सुरळीत होईल अशी आशा होती. १० जून १६८८ रोजी दुसऱ्या राणीला मुलगा झाला आणि ती आशा संपली. मूल राणीचे नव्हेच, अंथरूण ऊब करण्याच्या भांड्यातून ते आत आणले गेले, अशी वदंता उठली. ऑक्टोबरमध्ये जेम्सने मंत्रिमंडळापुढे चाळिसेक साक्षीदार उभे करून प्रसूतीची साक्ष घेतली. राजाला स्वतःच्या औरस पुत्राचा जन्म पुराव्याने सिद्ध करावा लागावा, हा प्रसंग करुण आहे आणि बोधक आहे. वदंता खोटी होती. तथापि ती ज्यांना हवी होती त्यांची अडचण ध्यानात घेतली पाहिजे: जन्मसिद्ध हक्काचे तत्त्व न सोडता एका जन्मसिद्ध वारसाला दूर सारावयाचे, तर त्याचा जन्मच नाकारणे हा एकमेव मार्ग होता. ज्यांनी ही अफवा मानली ते रक्ताचा नियम मोडत नव्हते. उलट त्याला चिकटून होते.

नोव्हेंबरमध्ये ऑरेंजचा विल्यम सैन्यासह उतरला आणि डिसेंबरमध्ये जेम्स देशाबाहेर गेला. त्यानंतरच्या सभेतील वाद एका शब्दाभोवती फिरला. सामान्यांच्या सभेने २८ जानेवारी १६८९ रोजी ठराव केला की, राजाने राज्यत्याग केला असून सिंहासन रिकामे आहे. उमरावांनी ‘रिकामे’ या शब्दाला हरकत घेतली. वंशपरंपरेच्या राज्यात सिंहासन क्षणभरही रिकामे असू शकत नाही, एक गेला की त्याच क्षणी दुसरा राजा असतो, असे त्यांचे म्हणणे होते, आणि तर्कदृष्ट्या ते बिनतोड होते. आठवडाभराच्या घासाघिशीनंतर त्यांनी माघार घेतली, कारण दुसरी व्यवहार्य वाट नव्हती: विल्यम केवळ राणीचा नवरा म्हणून राहावयास तयार नव्हता. राज्य दोघांना संयुक्तपणे मिळाले. राज्यकारभार मात्र एकट्या विल्यमकडे. तो पहिल्या चार्ल्सच्या मुलीचा मुलगा. मेरीच्या मागोमाग ॲनचा क्रम त्याच्या आधीचा होता. त्याच्या हयातीपुरता तिने तो सोडला. हक्कांच्या कायद्याने कॅथलिक व्यक्तीला आणि कॅथलिकाशी विवाह करणाऱ्याला गादी कायमची बंद केली.

येथवरची व्यवस्था ॲनच्या मुलांवर अवलंबून होती. मेरी १६९४ मध्ये देवीच्या रोगाने निपुत्रिक वारली. ॲनच्या सतरा गर्भारपणांतून बालपण ओलांडण्याइतका जगला तो एकच मुलगा, ग्लॉस्टरचा ड्यूक विल्यम. अकरावा वाढदिवस साजरा होऊन आठवडाही झाला नाही तोच, ३० जुलै १७०० रोजी, तो विंडसर येथे मरण पावला. (इंग्लंडमधील घटनांच्या तारखा त्या देशात तेव्हा चालू असलेल्या जुन्या गणनेप्रमाणे दिल्या आहेत.) एका मुलाच्या तापाने सगळा प्रश्न पुन्हा मूळपदावर आणला. १२ जून १७०१ रोजी राजसंमती मिळालेला वारसा-कायदा हे त्या मृत्यूचे फळ होय.

या कायद्याने कोणाला पुढे आणले? हॅनोव्हरच्या सोफियेला. ती पहिल्या जेम्सची मुलगी एलिझाबेथ हिचे बारावे अपत्य. १६३० मध्ये हेग येथे, हद्दपार झालेल्या आईबापांच्या पोटी जन्मलेली. रक्ताच्या क्रमाने पाहता तिच्या पुढे पन्नासाहून अधिक माणसे होती. जेम्सचा मुलगा आणि मुलगी तर होतीच. शिवाय पहिल्या चार्ल्सची नात, सव्हॉयची डचेस ॲन मारी होती, आणि तिने आपला हक्क डावलल्याबद्दल निषेधही नोंदविला. सोफियेच्या स्वतःच्या घरातही हाच प्रकार होता. थोरल्या भावाची मुलगी एलिझाबेथ शार्लट ऑर्लेआँच्या ड्यूकशी लग्न करताना कॅथलिक झालेली. एडवर्ड नावाच्या भावाने धर्मांतर केलेले, त्यामुळे त्याच्या मुली बाद. एक बहीण फ्रान्समध्ये मठाधिकारिणी होऊन बसलेली. धर्माची चाळणी लावल्यावर वंशवृक्षाच्या फांद्यांमागून फांद्या गळून पडतात आणि ही सत्तरी गाठलेली वृद्धा तेवढी शिल्लक राहते.

येथेच ‘निवड’ हा शब्द अपुरा पडतो. पार्लमेंटला एखादा इंग्रज उमराव राजा करता आला असता काय? शब्दार्थाने पाहता आला असता. पण तसा विचारही कोणी गंभीरपणे केला नाही. तिने केले ते असे की, ॲन आणि विल्यम यांच्या पश्चात वंशगणनेचा आरंभ पहिल्या चार्ल्सपासून न करता सोफियेपासून करावयाचा, आणि त्यापुढे पुन्हा जुनाच ज्येष्ठत्वाचा नियम लावावयाचा. प्रस्तुत लेखकाच्या मते १७०१ चे वैशिष्ट्य यात आहे. हेन्रीच्या मृत्युपत्रानेही शाखा बदलली होती. पण ती एका राजाची इच्छा होती, आणि तिच्या पाठीशी उभा राहील असा वर्ग १६०३ मध्ये नव्हता. १७०१ चा कायदा मात्र केवळ वारसाचा नव्हता. परकीय राजाच्या इतर मुलुखासाठी पार्लमेंटच्या संमतीवाचून युद्ध करावयाचे नाही, न्यायाधीशांना राजाच्या लहरीने काढावयाचे नाही, या अटी त्याच कायद्यात आहेत. गादी देणाऱ्यांनी गादीची किंमतही लिहून घेतली, आणि ती बुडू नये याची काळजी त्यांनाच होती.

स्कॉटलंडने हा क्रम निमूटपणे मानला नाही. १७०४ मध्ये संमती मिळालेल्या कायद्याने तेथील पार्लमेंटने आपला वारस वेगळा ठरविण्याचा हक्क राखून ठेवला. इंग्लंडने पुढच्याच वर्षी स्कॉट लोकांना परकी ठरविण्याची आणि व्यापार रोखण्याची धमकी दिली. १७०७ चे एकीकरण या ओढाताणीतून निघाले. त्याच्या दुसऱ्याच कलमात हॅनोव्हरचा वारसा नमूद आहे.

सोफिया राणी झाली नाही. आपल्या हयातीत वारसाने इंग्लंडमध्ये पाऊल ठेवू नये असा ॲनचा हट्ट होता. मे १७१४ मध्ये तिने हॅनोव्हरला त्या अर्थाची खरमरीत पत्रे पाठविली. ती पोचल्यानंतर काही दिवसांतच, त्र्याऐंशी वर्षांची सोफिया हेरेनहाउझेनच्या बागेत फिरता फिरता कोसळली. त्यानंतर दोन महिन्यांहून थोड्या अधिक काळाने, १ ऑगस्टला, ॲनही गेली. सोफियेचा मुलगा जॉर्ज सप्टेंबरमध्ये सावकाश ग्रीनिचला उतरला. इतक्या सावकाशपणे येऊनही त्याला गादी मिळाली, हीच गोष्ट १६८८ नंतर काय बदलले होते ते सांगते. १७१५ आणि १७४५ ची बंडे मोडली गेली. जेम्सचा शेवटचा नातू, कार्डिनल हेन्री, १८०७ मध्ये वारला आणि तो हक्क ॲन मारीच्या वंशाकडे, सव्हॉयच्या घराण्याकडे गेला. त्या घराण्याने तो कधी मागितला नाही.

२०१३ च्या कायद्याने, जो २०१५ मध्ये अमलात आला, २८ ऑक्टोबर २०११ नंतर जन्मलेल्यांपुरते मुलाला मुलीवर मिळणारे अग्रत्व काढून टाकले आणि कॅथलिकाशी विवाह केल्याने येणारी अपात्रताही दूर केली. राजा स्वतः कॅथलिक असता कामा नये आणि तो सोफियेचा वंशज असला पाहिजे, या दोन अटींना मात्र हात लावला नाही. ८ सप्टेंबर २०२२ रोजी राजे झालेले तिसरे चार्ल्स हे तिच्यापासून अकराव्या पिढीचे होत.