फोटो कुणी काढायचे?

लग्नाच्या बजेटची एक्सेल शीट ज्यांनी बनवली आहे, त्यांना हा प्रकार माहीत असेल. हॉल, केटरर, साड्या, दागिने या ओळींना हात लावायची कुणाची टाप नसते. मग घरातल्या सगळ्यांची नजर हळूहळू एकाच ओळीवर स्थिरावते. फोटोग्राफर! आजकाल हा आकडा सहज लाखाच्या पुढे जातो. आणि मग कुणीतरी तो अजरामर प्रश्न विचारतंच, "एवढे पैसे कशाला? आपल्या मावसभावाकडे चांगला कॅमेरा आहे की!"

हा प्रश्न फार जुना आहे, आणि दर पिढीला कुठली ना कुठली कंपनी येऊन त्याचं उत्तर दिल्याचा दावा करत आली आहे. या शनिवारी त्याचाच इतिहास उगाळतो. कारण पैसे कुठे वाचतात आणि पाणी कुठे मुरतं, हे त्या इतिहासात फार छान दिसतं.

सुरुवात थेट राणीपासून. डागेरनं फोटो काढायची आपली पद्धत १८३९ च्या ऑगस्टमध्ये जगजाहीर केली आणि जेमतेम सहा महिन्यांनी, १० फेब्रुवारी १८४० ला, राणी व्हिक्टोरियाचं लग्न झालं. त्या लग्नाचा एकही फोटो नाही. 'व्हिक्टोरिया आणि अल्बर्ट यांचा लग्नातला फोटो' म्हणून जो इंटरनेटवर फिरतो, तो रॉजर फेंटननं १८५४ साली काढलेला आहे, म्हणजे लग्नानंतर तब्बल १४ वर्षांनी! तोपर्यंत या दांपत्याला आठ मुलं झाली होती.

पैशाचा प्रश्न तिथे नव्हताच. अडचण तंत्राची होती. सुरुवातीच्या त्या प्लेटसमोर भरपूर उजेडात बराच वेळ स्तब्ध बसावं लागे. पुढे १८५१ मध्ये फ्रेडरिक स्कॉट आर्चरची कोलोडियन पद्धत आली. तीत काच ओली असेपर्यंतच फोटो काढून धुवावा लागायचा, म्हणजे डार्करूम हाकेच्या अंतरावर हवी. असा सगळा संसार घेऊन लग्नघरी कोण जाणार? म्हणून लोक उलटं करत. लग्न उरकलं की चांगले कपडे घालून जोडीनं स्टुडिओत जायचं आणि एक फोटो काढून घ्यायचा.

आपल्याकडेही हेच. फोटोग्राफी मुंबईत फार लवकर पोचली. फोटोग्राफिक सोसायटी ऑफ बॉम्बे १८५४ सालची, आणि डॉ. भाऊ दाजी लाड यांचे बंधू नारायण दाजी हे तिथल्या सुरुवातीच्या भारतीय फोटोग्राफरांपैकी एक. पण मध्यमवर्गीय मराठी घरात लग्नाचा फोटो म्हणजे पुढची कित्येक दशकं स्टुडिओतला तो एकच फोटो. मागे रंगवलेला पडदा, बाजूला फुलदाणी, एक जण खुर्चीवर आणि एक जण शेजारी उभं, दोघांच्याही चेहऱ्यावर परीक्षेला बसल्यासारखे भाव. आजी-आजोबांचा असा फोटो अनेकांच्या घरी भिंतीवर असेल. लग्नाच्या फोटोंवर पैसे वाचवायचा हा सगळ्यात जुना आणि सगळ्यात यशस्वी मार्ग: एकच फोटो काढा, पण नीट काढा.

आता जॉर्ज ईस्टमन नावाच्या गृहस्थांकडे वळू. १८८८ साली त्यांनी कोडॅक कॅमेरा आणला. किंमत २५ डॉलर, आत १०० फोटोंची फिल्म भरलेली. फोटो संपले की अख्खा कॅमेराच कंपनीकडे पाठवायचा, सोबत १० डॉलर. कंपनी फोटो धुऊन, नवी फिल्म भरून परत पाठवणार. तुम्ही फक्त बटण दाबायचं. १९०० मध्ये ब्राउनी आला, एक डॉलरला! त्याची सहा फोटोंची फिल्म १५ सेंटला. २५ वरून १ वर, तेही बारा वर्षांत.

इथे एक गोष्ट लक्षात घ्या. ईस्टमन कॅमेरा स्वस्त करत गेले, कारण त्यांना कॅमेरा विकायचाच नव्हता. त्यांना फिल्म विकायची होती आणि ती धुवायचे पैसे घ्यायचे होते. प्रिंटर स्वस्त आणि शाई महाग, हे आपल्या ऑफिसातलं दुखणं याच जातीचं.

ब्राउनी आला तरी लग्नातला व्यावसायिक फोटोग्राफर काही गेला नाही. कारण सोपं आहे. ब्राउनीला ऊन लागायचं, आणि लग्नं चर्चमध्ये, हॉलमध्ये, मांडवात, संध्याकाळी लागतात. कृत्रिम उजेड होता, पण तो म्हणजे मॅग्नेशियमची पावडर पेटवणं. १८८७ पासून मिळणारी ही फ्लॅश पावडर वापरताना धूर व्हायचा आणि भाजायची भीतीही असायची. १९३० च्या सुमारास काचेचा फ्लॅश बल्ब बाजारात आला आणि मग फोटोग्राफर खऱ्या अर्थानं लग्नाच्या हॉलमध्ये शिरला. दुसऱ्या महायुद्धानंतर सुटसुटीत कॅमेरे आणि फ्लॅश घेऊन अमेरिकेत अनेक जण या धंद्यात उतरले, आणि एका फोटोचा अख्खा अल्बम झाला.

अल्बम झाला तसं बिलही वाढलं. आणि मग आली ती कल्पना, जिच्यासाठी मी हा सगळा लेख लिहितोय.

जुलै १९८६. जपानमध्ये फुजीफिल्मनं 'उत्सुरुनदेसु' नावाची वस्तू विकायला काढली. नावाचा अर्थ साधारण 'फोटो येतो बरं का' असा. खोक्यात भिंग, शटर आणि २४ फोटोंची फिल्म. किंमत १,३८० येन. फोटो संपले की खोकंच दुकानात द्यायचं, दुकानदार फिल्म काढून घेणार. म्हणजे ईस्टमनची १८८८ ची कल्पनाच, फक्त या वेळी कॅमेरा परत मिळत नाही! पुढच्याच वर्षी कोडॅकनं अमेरिकेत आपला 'फ्लिंग' आणला, ६ डॉलर ९५ सेंटला. पुढच्या काही वर्षांत ३५ मिमी फिल्म आली, फ्लॅशही बसला. आणि फ्लॅश बसल्यावर कुणाच्या तरी डोक्यात आलं, हे लग्नात प्रत्येक टेबलावर ठेवले तर?

नव्वदच्या दशकात अमेरिकेत याची लाटच आली. पांढऱ्या वेष्टनातले, घंटा-फुलं छापलेले खास लग्नाचे कॅमेरे मिळू लागले. जेवणाच्या टेबलावर फुलांशेजारी एक कॅमेरा, सोबत चिठ्ठी: फोटो काढा आणि जाताना कॅमेरा इथेच ठेवा. कल्पना वाचायला किती लोभस आहे! शंभर पाहुणे, शंभर नजरा. आजच्या भाषेत क्राउडसोर्सिंगच, तो शब्द जन्माला यायच्याही आधी.

जरा हिशोब करू. दहा टेबलं, दहा कॅमेरे, प्रत्येकी २४ फोटो. झाले २४० फोटो. फ्लिंगच्या भावानं कॅमेऱ्यांचे साडेएकोणसत्तर डॉलर, फ्लॅशवाला घेतला तर आणखी जास्त. त्यावर दहा रोल धुण्याचे आणि २४० प्रिंटचे पैसे. गंमत अशी, की फोटो चांगले की वाईट हे कळण्यासाठी आधी सगळे धुऊन घ्यावेच लागत. लहान मुलांनी काढलेले छताचे फोटो, अर्ध्या कापलेल्या कपाळांचे फोटो, अंधारातल्या नाचाचे फोटो, सगळ्यांचे पैसे सारखेच. म्हणजे फोटोग्राफरचे वाचलेले काही पैसे गुपचूप फिल्म कंपनीकडे जात.

आणि जो फोटो हवा तोच नेमका येत नसे. यामागे निव्वळ भौतिकशास्त्र आहे. या खोक्यातला फ्लॅश साधारण तीन मीटरपर्यंत पोचतो. उजेड अंतराच्या वर्गाच्या प्रमाणात कमी होतो, हे आपण शाळेत घोकलंय. तीन मीटरवर जेवढा उजेड, त्याच्या एक चतुर्थांश सहा मीटरवर आणि एक नवमांश नऊ मीटरवर. म्हणजे टेबलावरच्या काकूंचा फोटो झकास, आणि हॉलच्या टोकाला उभी असलेली नवरी काळोखात. शेजाऱ्यांचे हसरे चेहरे मिळाले, लग्न मात्र राहिलं!

हाच हिशोब आपल्या कार्यालयात लावून बघा. मुहूर्ताचा फोटो म्हणजे अंतरपाट दूर होतो तो क्षण. त्या वेळी अक्षता उडतायत, वाजंत्री सुरू आहे, आणि मामा, करवल्या, गुरुजी असा दहा-बारा जणांचा गराडा. हा क्षण दोन-तीन सेकंदांचा असतो आणि तो परत घडवता येत नाही. (हार परत घालायला लावणारे फोटोग्राफर सगळ्यांनी पाहिलेत, पण अंतरपाट परत धरा म्हणायची हिंमत कुणाची नसते.) फिल्मच्या जमान्यात तर फोटोग्राफरलाही फोटो आला की नाही हे रोल धुतल्यावरच कळायचं. म्हणून जाणकार फोटोग्राफर दोन कॅमेरे गळ्यात अडकवायचे. एक बिघडला तर दुसरा. आपण ज्याला रिडंडन्सी म्हणतो तीच.

म्हणजे फोटोग्राफरला आपण पैसे देतो ते कॅमेऱ्याचे नसतात. १९०० मध्ये कॅमेरा एक डॉलरला झाला तेव्हाच तो प्रश्न संपला होता. पैसे असतात ते ठरलेल्या सेकंदाला ठरलेल्या जागी उभं राहण्याचे, आणि 'माझा फोटो चुकला' असं म्हणायची मुभा नसण्याचे.

मोबाइलनं यातलं काय बदललं? फिल्मचा खर्च शून्यावर आला. सहा मीटरवरचा काळोखही बराचसा सुटला, कारण आजचे सेन्सर कमी उजेडात कमाल करतात. टेबलावरच्या कॅमेऱ्याच्या जागी टेबलावर क्यूआर कोड आला: स्कॅन करा, फोटो इथे टाका. पण अंतरपाटाच्या क्षणी पन्नास हात वर असतात आणि प्रत्येकाच्या फोटोत पुढच्याचा मोबाइल असतो. माणसं पन्नास, जबाबदारी कुणाचीच नाही. प्रॉडक्शन सर्व्हर सगळ्यांचा असला की रात्री दोन वाजता तो कुणाचाच नसतो, तसंच.

मग फोटोग्राफर न घेता लग्न करूच नये का? जरूर करावं. रजिस्टर लग्न असेल, घरची साठ माणसं असतील, तर मी तेच सुचवीन. पण इतिहासाकडून तीन गोष्टी उचलून.

पहिली, स्टुडिओवाल्यांची. घरच्यांचे ग्रुप फोटो विधींच्या धांदलीत काढू नका. मुहूर्ताच्या आधी किंवा नंतर अर्धा तास राखून ठेवा, कार्यालयाच्या व्हरांड्यात किंवा झाडाच्या सावलीत, दिवसाउजेडी. कोणाकोणाचे फोटो हवेत याची यादी आधीच कागदावर. तिथे साधा मोबाइलही पुरतो.

दुसरी, मुहूर्तापुरती दोन माणसं नेमा. दोन्ही बाजूंना एकेक, नाव घेऊन, आणि बाकीच्यांना मोबाइल खिशात ठेवायची विनंती. गुरुजींशी आधी बोलून उभं राहायची जागा ठरवा.

तिसरी गोष्ट सगळ्यात महत्त्वाची. 'मावसभावाकडे कॅमेरा आहे' या वाक्यात वाचलेले पैसे कुणाच्या खिशातून येतात ते बघा. तो दिवसभर धावतो, शेवटच्या पंगतीला थंड मठ्ठा पितो, आणि अल्बममध्ये तो कुठेच नसतो. बहिणीच्या लग्नात भाऊ होता याचा पुरावा म्हणजे बाकी सगळ्यांचे फोटो. फोटोग्राफरचं बिल रुपयात दिसतं, याचं कुठे लिहिलं जात नाही एवढंच. कानपिळीला वधूच्या भावाला पुढे यावं लागतं, तेव्हा कॅमेरा दुसऱ्या कुणाच्या हातात असायला हवा हे आधी ठरवा. तिघा-चौघांनी तासातासाच्या पाळ्या लावल्या तर काही बिघडत नाही. आणि त्यांचाही एक फोटो त्या यादीत लिहा.

जाता जाता एक धंदेवाईक सल्ला. पंधरा-वीस वर्षांपूर्वीच्या लग्नांचे फोटो ज्या सीडी-डीव्हीडींवर दिले गेले, त्यातल्या किती आज वाचता येतात ते घरी तपासा. मुळात वाचायला ड्राइव्ह तरी उरलाय का? क्यूआर कोडमागची लिंक तर त्याहून अल्पायुषी. लग्नानंतर महिनाभरात सगळे फोटो एकत्र करा, दोन वेगळ्या ठिकाणी ठेवा, आणि वाचलेल्या पैशांतले थोडे खर्चून निदान पन्नास फोटो कागदावर छापून घ्या.

कारण शेवटी टिकतं ते कुणीतरी जपलेलं. २५ जानेवारी १८५८ ला व्हिक्टोरियाच्या थोरल्या मुलीचं लग्न झालं. त्या सकाळी निघण्याआधी नवरीचा आई-वडिलांसोबत फोटो काढला गेला. काढणारा नामांकित व्यावसायिक होता, पैशाला तोटा नव्हता. मुलगी स्पष्ट आली, बाप स्पष्ट आला, आणि राणी मात्र पुसट. लेक सासरी निघाली म्हणून आईला इतकी थरथर सुटली होती की ती काही सेकंदही स्थिर बसू शकली नाही. तो 'फसलेला' फोटो राजघराण्याच्या संग्रहात आजही जपून ठेवलेला आहे.