थर, सरासरी आणि सीमा : पश्चिम घाटाच्या अधिवास-नकाशाविषयी

नकाशावर नकाशा ठेवून भूमी वाचण्याची कल्पना संगणकाच्या सार्वत्रिक वापराआधीची आहे. पेनसिल्व्हेनिया विद्यापीठातील इयान मॅकहार्ग यांनी १९६९ साली प्रसिद्ध केलेल्या ‘डिझाइन विथ नेचर’ या ग्रंथात उतार, निचरा, वने, वन्यजीव, ऐतिहासिक वास्तू अशा प्रत्येक घटकाचा स्वतंत्र पारदर्शक नकाशा काढून ते सारे एकावर एक ठेवण्याची रीत मांडली. छटा जिथे अधिक गडद होईल तिथून रस्ता नेऊ नये, असा तिचा साधा अर्थ होता. १९८० च्या सुमारास अमेरिकेच्या मत्स्य व वन्यजीव सेवेने हीच दृष्टी एकेका प्राण्याच्या अधिवासाला लावली. अन्न, आडोसा, पाणी अशा प्रत्येक गरजेला शून्य ते एक यांमधील अंक देऊन अधिवासाच्या अनुकूलतेचा निर्देशांक काढला जाऊ लागला. थर जमवणे हे श्रमाचे काम आहे. ते एकत्र कसे करावयाचे, हा मात्र निर्णय असतो. प्रस्तुत विवेचनाचा रोख त्या निर्णयावर आहे.

एक कल्पित उदाहरण घेता येईल. एखाद्या जागी अन्नाला ०.९, आडोशाला ०.९ आणि पाण्याला शून्य असे अंक मिळाले. तिन्हींची बेरीज करून सरासरी काढली, तर ०.६ येते, म्हणजे जागा बऱ्यापैकी ठरते. त्याऐवजी तिन्हींचा गुणाकार करून घनमूळ घेतले, तर उत्तर शून्य येते. पाण्यावाचून प्राणी जगत नाही, हे दुसऱ्या रीतीला कळते, पहिलीला कळत नाही. अर्थात दुसरी रीत नेहमीच श्रेष्ठ असे नव्हे. ज्या थराची माहितीच अपुरी आहे, त्यातील एक चुकीचा शून्य साऱ्या जागेला पुसून टाकतो. म्हणजे सरासरी आणि गुणाकार यांमधून निवड करताना निसर्गाविषयीचे एक मत, आणि स्वतःच्या माहितीविषयीचेही एक मत, व्यक्त होत असते.

पश्चिम घाटाच्या संदर्भात या निर्णयाची पूर्वतयारी मोठ्या प्रमाणावर बंगळुरूत झाली. धनंजयराव गाडगीळांचे पुत्र आणि पुण्यात इरावती कर्वे यांच्या शेजारी वाढलेले माधव गाडगीळ हार्वर्डहून १९६९ मध्ये मिळवलेली गणिती परिसरशास्त्रातील डॉक्टरेट घेऊन पुढे परतले व १९७३ मध्ये तेथील भारतीय विज्ञान संस्थेत रुजू झाले. १९८३ मध्ये त्या संस्थेत परिसरविज्ञान केंद्र सुरू झाले. उल्हास कारंथ यांचे वन्यजीव अध्ययन केंद्र १९८४ चे. कमलजित बावा यांची ‘अत्री’ संस्था १९९६ ची. भारतीय अंतराळ संशोधन संघटनेचे मुख्यालयही याच शहरात, आणि १९८८ मध्ये आयआरएस-१ए हा दूरसंवेदन उपग्रह अवकाशात गेल्यानंतर वनाच्छादनाचा थर देशी सामग्रीवरून काढता येऊ लागला. त्याच दशकात पाँडिचेरीच्या फ्रेंच संस्थेतील पास्कल यांनी दक्षिणेकडील घाटांचे वननकाशे सिद्ध केले होते. वनस्पती, प्राणी, उतार, उपग्रहचित्र हे सारे थर आणि ते हाताळणारी माणसे एकाच शहराच्या परिघात यावीत, हा योग दुर्मिळच.

मार्च २०१० मध्ये केंद्रीय पर्यावरण मंत्रालयाने गाडगीळ यांच्या अध्यक्षतेखाली पश्चिम घाट परिसरतज्ज्ञ गट नेमला. रामन सुकुमार, रेने बोर्जेस आणि कृषी विद्यापीठातील के. एन. गणेशय्या हे बंगळुरूचे सदस्य त्यात होते. (गणेशय्या हे कन्नडमधील लोकप्रिय कादंबरीकारही आहेत, इतिहासातील कोडी उलगडणाऱ्या त्यांच्या कथानकांत विखुरलेले पुरावे एकमेकांवर ठेवूनच अर्थ लावला जातो, हे साहित्याच्या अभ्यासकाच्या नजरेतून सुटू नये.) २०११ च्या आरंभी बंगळुरूहून निघणाऱ्या ‘करंट सायन्स’मध्ये गटाने आपली कार्यपद्धती चर्चेसाठी आधीच प्रसिद्ध केली. घाटाचा प्रदेश प्रत्येकी सुमारे ९ किलोमीटर लांब व तितक्याच रुंद चौकोनांत विभागला गेला. प्रदेशनिष्ठ वनस्पती, संकटग्रस्त सस्तन प्राणी, वनाचे प्रमाण, समुद्रसपाटीपासूनची उंची, उतार, नदीकाठची झाडी इत्यादी थरांवर प्रत्येक चौकोनाला एक ते दहा असे गुण मिळाले, आणि त्या गुणांची सरासरी काढण्यात आली. वर सांगितलेल्या दोन रीतींपैकी पहिली, क्षमाशील रीत येथे स्वीकारली गेली. माहिती विषम असताना ती स्वीकारणे प्रामाणिकपणाचेच होते.

यापुढची पायरी अधिक लक्षणीय आहे. उत्तरेकडून दक्षिणेकडे घाटाचे स्वरूप इतके बदलते की एकच मापदंड लावला असता उत्तरेकडील वने कायमच मागे पडली असती. म्हणून गुणांची तुलना प्रत्येक राज्यात स्वतंत्रपणे करण्यात आली. त्या त्या राज्यातील संरक्षित क्षेत्रांत मोडणाऱ्या सर्वांत कमी गुणांच्या चौकोनाइतके गुण असलेली भूमी पहिल्या श्रेणीच्या संवेदनशीलतेस पात्र ठरली. हेतू न्याय्य होता. परंतु त्यामुळे १९५६ आणि १९६० मध्ये भाषेच्या आधारावर आखलेली राज्यसीमा जंगलाच्या गणितात शिरली. तिलारीच्या खोऱ्यातील झाडी महाराष्ट्राच्या मापाने मोजली गेली, तिला लागूनच असलेली बेळगाव जिल्ह्यातील झाडी कर्नाटकाच्या मापाने. तौलनिक साहित्याला ही अडचण नवी नाही. दोन भाषांतील कृती आपापल्या परंपरेच्या मापाने मोजाव्यात की एका समान मापाने, हा त्या विद्याशाखेचा जुनाच वाद होय.

दुसरा प्रश्न आकाराचा. ९ किलोमीटर बाजूचा चौकोन म्हणजे ८१ चौरस किलोमीटर, सुमारे २०,००० एकर. पाच एकरांची देवराई हा त्याचा चार-हजारावा भाग. गाडगीळ आणि वा. द. वर्तक यांनी १९७० च्या दशकात सह्याद्रीतील देवरायांचा शोध घेतला होता, १९७६ मधील त्यांचा निबंध आजही संदर्भासाठी उघडला जातो; आणि नेमक्या त्याच देवराया या जाळीत दिसण्याजोग्या नव्हत्या. जी भूमी कोकणात देवराई आणि कोडगूत देवरकाडू म्हणून ओळखली जाते, तिचे अस्तित्व नावात, नवसात आणि कुऱ्हाड न लावण्याच्या रूढीत आहे. तिला थर करावयाचा, तर गावात जाऊन विचारावे लागते. गटाने आपली क्षेत्ररचना तात्पुरती मानून अंतिम आखणी ग्रामसभांवर सोपवण्याची शिफारस केली, ती याच जाणिवेतून. प्रत्यक्षात श्रेणी जाहीर झाली ती तालुक्यांच्या नावांनी, एकूण १४२ तालुके. ऑगस्ट २०११ मध्ये सादर झालेला इंग्रजी अहवाल केंद्रीय माहिती आयोग व दिल्ली उच्च न्यायालय यांच्या आदेशांनंतर मे २०१२ मध्ये खुला झाला. तोवर ज्यांनी त्यात भर घालावयाची, त्यांच्यापर्यंत त्याची केवळ वार्ता पोचली होती, मजकूर नव्हे.

त्यानंतर के. कस्तुरीरंगन यांच्या अध्यक्षतेखालील उच्चस्तरीय कार्यगटाने एप्रिल २०१३ मध्ये दुसरा नकाशा दिला. त्यात २४ मीटर बाजूच्या घटकांपर्यंत उपग्रहचित्र वाचले गेले होते. पाच एकरांची देवराई तिथे सुमारे ३५ ठिपक्यांची झाली. दृष्टी सूक्ष्म झाली, वर्गीकरण मात्र ठोकळ राहिले. भूप्रदेशाचे ‘नैसर्गिक’ आणि ‘सांस्कृतिक’ असे दोन भाग करण्यात आले, आणि एकूण प्रदेशाचा सुमारे ३७ टक्के भाग, तोही नैसर्गिकातीलच, संवेदनशील ठरला. ज्या गावाची २० टक्के किंवा अधिक भूमी त्यात आली, ते गाव यादीत. मानव्यविद्यांमध्ये ‘सांस्कृतिक’ हा शब्द मूल्यवाचक आहे. येथे शेती, मळे आणि वस्ती मिळून जे उरते ते सांस्कृतिक. देवराई या दोन रकान्यांपैकी कोणत्या रकान्यात टाकावी, याचे उत्तर देणे अवघड आहे, कारण ती दोन्हींत आहे. काटेकोरपणा आणि अर्थपूर्णता एकत्र वाढतातच असे नाही, याचे याहून स्पष्ट उदाहरण शोधावे लागेल.

थरांच्या या साऱ्या खटाटोपाआधीच हत्तींनी एक वेगळी नोंद करून ठेवली होती. २००२ च्या सुमारास कर्नाटकातील जंगलातून हत्तींचा एक कळप दोडामार्ग तालुक्यात उतरला. पुढे चंदगड, आजरा या बाजूलाही हत्ती दिसू लागले. ज्या भागात कित्येक पिढ्यांनी रानातला हत्ती पाहिला नव्हता, तेथील केळी, माड आणि भात त्यांच्या आहारात आले. पूर्वीच्या नोंदींवरून अनुकूलता काढणाऱ्या कोणत्याही नकाशात तिलारीला हत्तीसाठी फारसे गुण मिळाले नसते, कारण तिथे नोंदीच नव्हत्या. आणि आता गुण मिळाले, तर ते बागायतीमुळेही मिळतील. म्हणजे ज्या थरामुळे प्राण्याचे पोट भरते, त्याच थरामुळे माणसाचे नुकसान होते. २०२० मध्ये महाराष्ट्र शासनाने तिलारी परिसरातील २९.५३ चौरस किलोमीटर क्षेत्र संवर्धन राखीव म्हणून घोषित केले. ते मापाने पाहिल्यास गाडगीळ गटाच्या एका चौकोनाच्या निम्म्याहूनही कमी भरते.