गाजवतो तो नेहमी दुसराच

घरात दोन भावंडांचं जुंपलं की धाकटं हमखास ओरडतं, ‘‘उगाच हुकूमत गाजवू नकोस!’’ थोरलं मात्र कधी म्हणत नाही की, ‘‘थांब, आता मी हुकूमत गाजवतो.’’ मंत्री पदभार सांभाळतात, साहेब जबाबदारी पार पाडतात, सासूबाई फक्त चार गोष्टी सांगतात. गाजवतो तो नेहमी दुसराच. सत्तेचं हे क्रियापद मराठीनं ती सोसणाऱ्याच्या तोंडी देऊन ठेवलं आहे.

त्याचं कूळ काढलं तर तिथे अधिकार सापडतच नाही. मूळ संस्कृत धातू ‘गर्ज्’. प्राकृतात त्याचा ‘गज्ज’ झाला. मराठीत येताना जोडाक्षर सुटलं, आधीचा स्वर लांबला आणि ‘गाज’ उरली. कर्माचं कम्म होऊन काम झालं, हस्ताचा हत्थ होऊन हात झाला, तीच ही वाट. कोकणात रात्री दिवे मालवल्यावर कानावर येते ती समुद्राची गाज याच घरची. गाजणं म्हणजे दणाणणं, आणि त्यात ‘व’ घातला की दणाणून सोडणं. ‘गाजावाजा’त तर एक आवाज पुरला नाही म्हणून दुसरा जोडलाय.

आता हा आवाज करतं कोण, यावर सगळं अडतं. बालगंधर्वांनी रंगभूमी गाजवली, गावसकरांनी मैदानं गाजवली. तिथे दणाणतात त्या बघणाऱ्यांच्या टाळ्या. पराक्रम गाजवला की त्याचे पोवाडे दुसरेच कुणी गातात. पण अधिकार गाजवणाऱ्याला स्वतःच बोंब ठोकावी लागते. म्हणून एकच क्रियापद एकीकडे शाबासकी होतं आणि दुसरीकडे तक्रार.

त्याच्या शेजारी बसणारी नामं मात्र नाना ठिकाणची. ‘हुकूमत’ अरबी, हुकूम, हाकीम, हकीम आणि हिकमत ही तिची सख्खी भावंडं. म्हणजे निवाडा, राज्य, वैद्यकी आणि शहाणपण एकाच धातूच्या पोटातलं. (त्यातलं शहाणपण राज्याच्या वाट्याला किती आलं, हा वेगळा विषय.) ‘सत्ता’ संस्कृत खरी, पण तिथे तिचा अर्थ नुसतं ‘असणं’. वेदान्ती ब्रह्माच्या सत्तेबद्दल बोलतो तेव्हा त्याच्या डोळ्यांपुढे मंत्रिमंडळ नसतं. मराठीत मात्र जो खुर्चीवर असतो, त्याच्याच असण्याला सत्ता म्हणायची रीत पडली.

शिवाजी महाराजांनी राज्यव्यवहारकोश करवून घेतला, तेव्हा दरबारातल्या फारसी-अरबी शब्दांना संस्कृत प्रतिशब्द मिळाले. त्यातलं बहुतेक काम नामांचं होतं: पदं, खाती, वस्तू. राज्य बदललं की नामं बदलतात. काढणं, सोडणं, चालवणं, गाजवणं ही घरची क्रियापदं मात्र ज्याचं राज्य असेल त्याच्या नामाला जुंपली जातात. हुकूम अरबी, तो ‘सोडायचा’ की ‘काढायचा’, हे मराठीनं ठरवलं.

सरकारला अर्थात गाजवणं परवडत नाही. राजपत्रात ‘प्रदान करण्यात आलेल्या अधिकारांचा वापर करून’ असं येतं. छत्री वापरावी तसे अधिकार वापरले जातात. ‘राबवणं’ त्याहून मजेदार. राबतो तो मजूर, त्यामुळे योजना राबवली म्हणताना घाम कुणाचा गळला हे विचारावंसं वाटतं. ‘बजावणं’ वरून खाली आणि खालून वर, दोन्हीकडे चालतं. हे हिंदीतलं ढोल बजावणं नव्हे. फारसी ‘बजा’, म्हणजे जागच्या जागी, योग्य ठिकाणी, तिथून ते आलं. चाकरानं सेवा बजावायची, बेलिफानं समन्स बजावायचं, आणि निवडणुकीच्या दिवशी आपण मतदानाचा हक्क बजावायचा. पूर्वी हुकूम बजावणाऱ्याच्याच हाती आता हक्क आला. क्रियापद तेवढं चाकरीतलंच राहिलं.

राहता राहिला ‘अंमल’. अरबीत अमल म्हणजे निव्वळ काम, कृती. फारसीच्या वाटेनं इकडे पोचेपर्यंत कामाचा कारभार झाला आणि कारभाराचं राज्य: मोगलांचा अंमल, पेशव्यांचा अंमल, इंग्रजांचा अंमल. मामलेदारसुद्धा याच धातूचा नातू. अंमल गाजवता येतो, पण आधी तो ‘बसवावा’ लागतो. दुसऱ्या फांदीवर हाच शब्द अफूकडे गेला: नशेचा अंमल चढतो, चढतो तसा उतरतो. दोन्ही फांद्या आजही एका टेबलावर भेटतात. पोलीस ठाण्यात रात्री गांजाची पुडी पकडून आणली की समोर नोंदवही ओढून ठाणे अंमलदार लिहितो: अमली पदार्थ.