डेट्रॉइटच्या ओट्यावरचे दिवे

मागच्या बैठकीत हप्ते जमा झाले आणि गप्पा हॅलोविनवर गेल्या. गटातल्या एका ताईंचा लेक अमेरिकेत मिशिगन राज्यात कामाला आहे. त्यानं कोरलेल्या भोपळ्याचा फोटो पाठवला होता. ३१ ऑक्टोबरचा हा सण मूळ आयर्लंडकडचा. तिकडं सलगम कोरून त्यात दिवा ठेवत, अमेरिकेत गेल्यावर लोकांच्या हाती भोपळा लागला. पोरं भुतांची सोंगं घेऊन दारोदार चॉकलेटं मागतात. आम्ही खूप हसलो. पण तिथल्याच डेट्रॉइट शहराची गोष्ट कळली तेव्हा हसू थांबलं. ती आज सांगतो.

सणाच्या आदल्या रात्री खोड्या काढायची तिथं जुनी चाल. खिडकीला साबण फासायचा, दारावर अंडी फोडायची, घंटी वाजवून पळायचं. आपल्याकडं होळीला पोरं गोवऱ्या पळवतात, तसंच. म्हातारी चार शिव्या देते आणि विसरते.

पण डेट्रॉइट हे मोटारींचं शहर. कारखाने हलले, कामं गेली, माणसंही गेली. १९५० साली साडेअठरा लाख वस्ती होती, १९९० ला सव्वादहा लाखच उरली. गल्लोगल्ली घरं ओस पडली आणि खोडीची आग झाली. काही मालकांनी विम्याच्या पैशासाठी आपलंच घर पेटवलं, असंही बोललं जाई. १९८४ साली ऑक्टोबर संपता संपता तीन दिवसांत आठशेच्या वर आगी लागल्या. तिकडं घरं बरीचशी लाकडी. शेजारचं रिकामं घर पेटलं की ठिणगी आपल्या छपरावर. लोक अंगणात पाण्याची नळी घेऊन रात्र काढत. या रात्रीला नावच पडलं, सैतानाची रात्र.

महापौर कोलमन यंग यांनी मुलांना रात्री बाहेर फिरायला बंदी केली. डब्यात सुटं पेट्रोल द्यायला बंदी केली, लोकांना गस्तीला बोलावलं. आगी कमी झाल्या. १९९४ ला डेनिस आर्चर हे नवे महापौर आले, तयारी जरा ढिली पडली आणि आगी परत वाढल्या. (वसुली एक महिना ढिली पडली की काय होतं, ते आपल्याला ठाऊक आहेच.) मग १९९५ ला त्या रात्रीचं नावच बदललं, देवदूतांची रात्र. गाडीवर पिवळा लुकलुकता दिवा लावून हजारो माणसं गस्तीला निघाली. पुढं काही वर्षं हा आकडा चाळीस-पन्नास हजारांवर गेला.

आम्हाला सगळ्यात पटलं ते वेगळंच. म्हाताऱ्या, लेकुरवाळ्या बायका काही गस्तीला जाऊ शकत नव्हत्या. पण घरात बसूनही काम होतं. ओट्यावरचा दिवा रात्रभर चालू ठेवायचा आणि समोरच्या ओस घरावर नजर ठेवायची. काहींनी एकेक रिकामं घर राखायला वाटूनच घेतलं. आग लावणाऱ्याला अंधार लागतो, आणि कुणी बघत नाही याची खात्री लागते. दोन्ही मिळेनासं झालं. २०१७ नंतर शहराला ही मोहीम चालवायची गरज राहिली नाही.

हे सांगून झाल्यावर बैठकीत एक काकू म्हणाल्या, "आपल्या वस्तीवर ऊसतोडीला गेलेल्यांची अकरा घरं बंद आहेत, आणि दोघांचा कडबा दाराशीच रचलाय." कडबा त्याच संध्याकाळी आम्ही हलवला. घरं कुणी कुणाची राखायची, हे येत्या शुक्रवारी ठरवायचं आहे. बॅटऱ्या घेऊन या.